तिसरी वही

एखाद्या यंत्रशाळेंत अनेक कामें एकाच वेळीं चाललेलीं असतात. एका कामाला शेंकडों सुटे भाग लागतात. उलट साधा स्क्रू घेतला, तर तो एकच भाग अनेक कामांना लागतो. ‘ह्या कामाला कोणकोणते भाग लागतील?’ असें व्यवस्थापक विचारतो. ‘हा भाग येणें बंद झालें, तर कोणकोणतीं कामें अडतील?’ असें कोठारावरचा कारकून विचारतो. मग वही लावावी ती कोणाच्या नांवानें?

कामाच्या नांवाखालीं भागांची यादी लिहिली, तर व्यवस्थापकाचें उत्तर एका पानावर मिळतें. कारकुनाला मात्र सारी वही चाळावी लागते. शिवाय स्क्रूचें वर्णन प्रत्येक कामाखालीं पुन्हां लिहावयाचें, आणि त्यांत एके ठिकाणीं दुरुस्ती राहून गेली, कीं एकच वही दोन गोष्टी सांगूं लागते! जो भाग अद्याप कोणत्याच कामाला लागलेला नाहीं, त्याला तर लिहावयास जागाच नाहीं.

मूळचे इंग्लंडचे गणितज्ञ एडगर कॉड ह्यांनीं अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेंत असतां, १९७० सालच्या जूनमध्यें, संगणकांतील माहितीविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत भाग व कामें हेंच उदाहरण आहे. ही माहिती मांडण्याच्या पांच रीती देऊन त्यांनीं दाखविलें, कीं त्यांतली एक रीत गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली उरलेल्यांपैकीं निदान तीन रीतींवर फसते.

ह्यांतून निघालेली मांडणी साधी आहे. एक वही भागांची, दुसरी कामांची, आणि तिसरी केवळ जोड्यांची: भागाचा क्रमांक, कामाचा क्रमांक आणि किती नग लागले तो आंकडा. हा आंकडा स्क्रूचा गुण नव्हे, कामाचाही नव्हे; तो त्या दोहोंच्या संबंधाचा आहे, म्हणून त्याला स्वतंत्र घर हवें.

तिसऱ्या वहींत १० लक्ष ओळी असल्या आणि त्या क्रमानें लावलेल्या असल्या, तर दरवेळीं मधली ओळ पाहून अर्धी वही बाजूला सारीत सुमारें २० पायऱ्यांत हवी ती ओळ सांपडते. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्‌क्राइट ह्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचीच्या रचनेंत एकेका पानावर पुष्कळ क्रमांक बसत असल्यामुळें तीन-चार पानें उघडूनच काम भागतें. पण क्रम कामांचा असेल, तर भाग शोधणाऱ्याला त्याचा उपयोग नाहीं. त्याच ओळींची भागांच्या क्रमानें आणखी एक सूची ठेवावी लागते. पेढीवरच्या माणसाला हें नवें वाटणार नाहीं: कीर्द तारखेनें, खतावणी नांवानें, व्यवहार तेच. मात्र नवी नोंद आली, कीं ती प्रत्येक सूचींत चढवावी लागते. म्हणून जेथें नोंदी क्षणोक्षणीं येतात आणि कारकुनाचा प्रश्न वर्षांतून एकदांच निघतो, तेथें ही दुसरी सूची न ठेवतां त्या दिवशीं सारी वही चाळणेंच स्वस्त पडतें.