डोळ्यांची गोळी नेमकी कोणासाठी?

सातारा, कऱ्हाड वा सांगली येथील औषधाच्या दुकानात आपण चौकशी केलीत, तर ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या सहज मिळतील. घरातील वडीलधाऱ्यांना कमी दिसू लागले की मुले मोठ्या मायेने त्या आणून देतात. मात्र या गोळ्यांची रीतसर परीक्षा झाली आहे काय आणि तिचा निकाल काय लागला, हे आपण सहसा विचारत नाही. ते विचारायला हवे. कारण त्याचे उत्तर आजारागणिक निराळे आहे.

या गोळ्यांमागील तर्क सरळ आहे. प्रकाश व प्राणवायू यांच्या अखंड संपर्कामुळे डोळ्यांत काही अस्थिर रेणू निर्माण होतात आणि ते पेशींना इजा करतात. अँटिऑक्सिडंट द्रव्ये या रेणूंना निष्प्रभ करतात. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. सांगलीच्या पेठेतील हळदही प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट ठरते. तेवढ्यावरून तिने दृष्टी वाचते असे म्हणता येत नाही.

प्रथम मोतीबिंदूचा विचार करू. आपल्याकडील वृद्धांच्या अंधत्वाचे ते सर्वांत मोठे कारण आहे. यासंबंधीची एक महत्त्वाची चाचणी भारतातच, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने झाली. 798 जणांपैकी काहींना बीटा कॅरोटिन आणि ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे देण्यात आली. इतरांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाला काय मिळते आहे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पाच वर्षे दरवर्षी डोळे तपासले गेले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता: मोतीबिंदू दोन्ही गटांत सारखाच वाढला. या लोकांच्या आहारातच अँटिऑक्सिडंट कमी होते. म्हणजे लाभ व्हायचाच असता, तर तो येथे दिसण्याची शक्यता अधिक होती.

दुसरा आजार दृष्टिपटलाचा. पटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूमुळे आपण वाचू शकतो, चेहरे ओळखू शकतो. वाढत्या वयात काहींचा हा बिंदू झिजतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने या आजारासाठी घेतलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2001 मध्ये जाहीर झाले. ‘क’ जीवनसत्त्व, ‘ई’ जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन, जस्त व तांबे यांचे ते मिश्रण होते. ज्यांचा आजार मध्यम टप्प्यावर होता किंवा एका डोळ्यात बळावला होता, अशांपैकी साध्या गोळीवर असलेल्या शंभरातील सुमारे 28 जणांचा आजार पाच वर्षांत गंभीर झाला. मिश्रण घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 20 होते. लाभ खरा होता, पण मर्यादित. प्रारंभीच्या टप्प्यातील रुग्णांना त्याचा उपयोग दिसला नाही, आणि मोतीबिंदूवर तर येथेही काहीच परिणाम झाला नाही.

याहून गंभीर बाब धूम्रपानाची आहे. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक झाल्याचे 1994 मध्ये आढळले. म्हणून अमेरिकेतील पुढच्या चाचणीत बीटा कॅरोटिनऐवजी ल्युटिन व झियाझँथिन वापरून पाहिले गेले. 2013 च्या निष्कर्षांनुसार हा पर्याय अधिक सुरक्षित ठरला. तेव्हा आपल्या घरी कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, किंवा पूर्वी ओढत असेल, तर बाटलीवरील घटक अवश्य वाचावेत. बीटा कॅरोटिन असल्यास ती गोळी घेऊ नये. धूम्रपानाने पीतबिंदूचीही हानी होते. म्हणून ते सोडणे हा डोळ्यांवरील उपचारच समजावा.

मग आपण काय करावे? गोळी घेण्याआधी निदान करून घ्यावे. बाहुलीत औषध घालून दृष्टिपटल तपासल्याखेरीज कोणता आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळत नाही. मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. ती शासकीय जिल्हा रुग्णालयांत मोफत होते. गोळ्यांच्या भरवशावर ती लांबवणे म्हणजे आईवडिलांना विनाकारण अंधारात ठेवणे होय. पीतबिंदूचा आजार मध्यम टप्प्यावर असेल, तर नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने योग्य मिश्रण घ्यावे. त्यातील जस्ताची मात्रा मोठी असते. म्हणून इतर आजार व चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगावीत.

निरोगी माणसाने मात्र बाटलीपेक्षा ताटाकडे पाहावे. पालक, मेथी, मका आणि अंड्याचा पिवळा बलक यांत ल्युटिन असते. भाजीला थोडे तेल असले की ते शरीरात अधिक शोषले जाते.

आणखी एक सवय घरातील ज्येष्ठांना लावावी. आठवड्यातून एकदा, वाचायचा चष्मा घालून आणि एकेक डोळा झाकून, वहीच्या चौकटीच्या कागदाकडे पाहावे. सरळ रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर लगेच दृष्टिपटलतज्ज्ञांना गाठावे. अशा वेळी डोळ्यातील इंजेक्शनने उरलेली दृष्टी वाचू शकते. गोळीचा परिणाम पाहत बसण्याची ती वेळ नव्हे.