स्ट्रॉबेरी : अढीत न पिकणारे फळ

आंबा अढीत घातला की पिकतो. केळ्याचा घड हिरवा उतरवला तरी चालतो. स्ट्रॉबेरीला ही सवलत नाही. तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, ती मऊ पडते, पण गोडी वाढत नाही. पानांकडून येणारी साखर देठ तुटताच थांबते आणि आंबा-केळ्यांप्रमाणे साखरेत रूपांतर होईल असा पिष्टाचा साठा या फळात नसतो.

महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्याचे बरेचसे गणित यावरच बेतलेले आहे. पूर्ण लाल फळ इतके नाजूक की टेम्पोच्या हादऱ्यांनी दबते आणि दबलेल्या जागी बुरशी धरते. म्हणून दूर पाठवायचे फळ पाऊण लाल असतानाच तोडावे लागते. जवळच्या बाजारात विकणाऱ्याला मात्र ते झाडावरच पूर्ण पिकू देता येते. ऊन चढण्यापूर्वी देठासकट तोडायचे आणि त्याच दिवशी विकून मोकळे व्हायचे. एरवी ते एक-दोन दिवसच टिकते.

लागवड एखाद्या गुंठ्यातही होते. एकरी सुमारे २२,००० रोपे धरली, तर गुंठ्याला साडेपाचशे. पावसाळा सरताना उंच गादीवाफ्यावर रोपे लावतात आणि हिवाळाभर तोडणी चालते. फळ ओल्या मातीला टेकून कुजू नये म्हणून वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरतात.

आता फळ भिंगाखाली धरा. आपण खातो तो गर म्हणजे फुलाचा फुगलेला पुष्पाधार. वर टोचल्यासारखे दिसणारे दाणे हीच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरी फळे. प्रत्येकात एक बी. निट्श या शास्त्रज्ञाने १९५० साली कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे सगळे दाणे काढून टाकले, तेव्हा गराची वाढ थांबली. काही दाणे ठेवले, तर तेवढाच भाग फुगला. दाणे काढून त्यांच्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावले, तर गर पुन्हा वाढू लागला. म्हणजे गराला वाढीचा निरोप दाण्यांकडून मिळतो.

परागण न झालेला दाणा हा निरोप पाठवत नाही. त्या बाजूला खळगा राहतो आणि फळ वेडेवाकडे होते. वारा आणि फुलाचे स्वतःचे पराग काही काम करतात, उरलेले मधमाश्या पुरे करतात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणारा शेतकरी आपल्याच फळाचा आकार बिघडवतो, तो असा. शाळेच्या कुंडीत हे पाहता येईल. एका कळीवर बारीक जाळीची पिशवी बांधा, शेजारची मोकळी ठेवा, फळ धरल्यावर पिशवी काढा आणि दोन्ही फळे पिकल्यावर भरलेले दाणे मोजा.

वाकड्या फळाची चव मात्र आकारावर ठरत नाही. शहरात जाणाऱ्या खोक्यात त्याला जागा नसते. गावच्या बाजारात ते वाट्यावर विकले जाते, उरले तर जॅमच्या पातेल्यात जाते.