चुंबक, मेंदू आणि लुळा हात
डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर विद्युत्प्रवाह सोडावा आणि माणसाचे बोट त्याच्या इच्छेवाचून हलावे, हा चमत्कार नव्हे. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वाच्या आधारे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये शेफील्ड येथे हे दाखवून दिले. मेंदूच्या डाव्या भागाला चेतना दिली की उजवा हात हलतो. संदेश पोचण्यास सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागतो. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातात असा प्रतिसाद उमटला, तर मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट काही अंशी शाबूत आहे, असे समजावे. ही आशेची खूण होय. पण हात कामाला लागतो तो अखेर सरावानेच. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यभरातील भौतिकोपचार महाविद्यालये संलग्न आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी हे यंत्र जाणून घ्यावेच. परंतु त्याची मर्यादाही रुग्णाच्या घरच्यांना स्पष्ट सांगावी. खोट्या आशेवर कर्ज काढण्याची पाळी कोणावर येऊ नये.