अंगठ्याची भरती

परवा पुलगावकडचा एक मुलगा मान आखडली म्हणून आला. सैन्यभरतीची तयारी चालू आहे म्हणाला. तयारी कसली, तर मोबाइलवरच्या लढाईच्या खेळातले सरावाचे मैदान! नेम धरणे, आडोसा घेणे, रात्री दोन वाजेपर्यंत. हसण्यावारी नेऊ नका. अशा खेळांनी नजरेचे अवधान वाढते, हे ग्रीन व बॅव्हेलिअर यांनी 2003 साली 'नेचर'मध्ये दाखविले आहे. पण भरतीत 1.6 किलोमीटर धावायचे असते, आणि हा पठ्ठ्या दवाखान्याचा जिना चढून धापा टाकत होता! मान शेकायला सांगितली. रात्री दहानंतर मोबाइल आईजवळ द्यायचा, पहाटे धावायचे.

"डॉक्टरसाहेब, मग सराव बुडेल ना!"

म्हटले, महिन्याने ये, धावण्याची वेळ कागदावर लिहून आण.