पेशीच्या घरातील बिऱ्हाडकरू

बनशंकरी हे नाव उच्चारताच मराठी वाचकाला बदामीजवळची देवी आठवते. कित्येक मराठी घराण्यांचे ते कुलदैवत आहे. याच नावाचे एक देवालय बेंगळुरू शहराच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यावर असून, भोवतालच्या विस्तीर्ण वसाहतीलाही बनशंकरी असेच म्हणतात. या वसाहतीला लागून येडियूरचे तळे आहे. अशा एखाद्या तळ्याच्या काठचे हिरवट पाणी सकाळी फिरावयास आलेल्या माणसाला केवळ गढूळ दिसते. परंतु त्यातील एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, की तेथे एक गजबजलेली वस्ती दृष्टीस पडते.

चपलेच्या तळव्याच्या आकाराचा पॅरामीशियम अंगावरील सहस्रावधी केसांची वल्ही मारीत झपाट्याने निघून जातो. अमीबा आपल्या देहाचेच पाय करून सरपटत असतो. हिरवा युग्लीना एका लांब चाबकाच्या साहाय्याने उजेडाकडे पोहत जातो. काचेच्या डबीत राहावे तशी डायाटम नावाची शैवाले वाळूसारख्या द्रव्याच्या कवचात राहतात. या सर्वांना मिळून प्रजीव असे म्हणतात. यांतील काही प्राण्यांप्रमाणे भक्ष्य पकडून खातात, काही वनस्पतींप्रमाणे उन्हावर अन्न तयार करतात, तर काहींना दोन्ही कला अवगत असतात.

हॉलंडमधील कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने आपल्या हाताने घासलेल्या भिंगातून १६७४ साली एका सरोवराच्या पाण्यातील असे जीव प्रथम पाहिले. आपल्याकडे लष्करी सेवेतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरील गोड्या पाण्याच्या साठ्यांतील प्रजीवांचा अभ्यास करून १८५६ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. आज ज्या मुंबईत तळी शोधावी लागतात, त्या मुंबईतील तळ्यांनी एकेकाळी या शास्त्राला असा हातभार लावलेला आहे.

एका पेशीचा वाडा

प्रजीवाचा संपूर्ण देह बहुधा एकाच पेशीचा असतो. मनुष्याच्या शरीरात अन्न पचविणे, श्वसन करणे, मलविसर्जन करणे ही कामे निरनिराळी इंद्रिये करतात. पॅरामीशियमला ही सारी कामे मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या देहात उरकावयाची असतात. त्यासाठी त्याच्या पेशीत लहान लहान अवयवच असतात. त्यांना अंगके अशी संज्ञा आहे.

जिवाणूची पेशी म्हणजे एका खोलीची झोपडी मानली, तर प्रजीवाची पेशी हा एक चौसोपी वाडा होय. वाड्याच्या मध्यभागी केंद्रक आहे. रॉबर्ट ब्राउन याने १८३१ साली त्याला नाव दिले. हा वाड्याचा दप्तरखाना: पेशीने काय करावे, कसे करावे, याच्या सर्व नोंदी येथे डीएनएच्या धाग्यांवर जतन केलेल्या असतात. हा दप्तरखाना स्वतंत्र पडद्याने वेढलेला असणे हेच अशा पेशींचे मुख्य लक्षण असल्यामुळे त्यांना दृश्यकेंद्रकी पेशी म्हणतात. दप्तरातील नोंदीची नक्कल बाहेर येते आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारागीर तिच्या आधारे प्रथिने तयार करतात. आंतर्द्रव्यजालिका हे या मालाचे कोठार आणि वाहतुकीचा मार्ग. गॉल्जी पिंड हे माल बांधून योग्य ठिकाणी रवाना करणारे ठाणे. आणि लयकारिका म्हणजे निकामी झालेल्या वस्तू विरघळविणारी मोरी. गोड्या पाण्यातील प्रजीवांच्या देहात पाणी सारखे झिरपत असते. ते बाहेर फेकण्याचे काम संकोचशील रिक्तिका करते. ती भरते, आकसते आणि पुन्हा भरते. हा व्यापार घटकाभर पाहत बसले तरी कंटाळा येत नाही.

राहिल्या दोन खोल्या: अन्नातील ऊर्जा मोकळी करणारी तंतुकणिका आणि सूर्यप्रकाशावर अन्न बनविणारे हरितलवक. या दोन खोल्यांनी शास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकले होते.

बिऱ्हाडकरू घरचे झाले

१९०५ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेश्कोव्हस्की यांनी असे प्रतिपादन केले की, हरितलवक हा मूळचा पेशीचा भाग नव्हेच. तो बाहेरून आलेला एक स्वतंत्र जीव आहे. त्या काळी या कल्पनेला फारसा मान मिळाला नाही. परंतु १९६२ व १९६३ या दोन वर्षांत अनुक्रमे हरितलवकात आणि तंतुकणिकेत त्यांचा स्वतःचा डीएनए आढळला. दप्तरखाना एकच असताना या दोन खोल्यांत निराळी दप्तरे कशासाठी? १९६७ साली अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी जुनी कल्पना नव्या पुराव्यानिशी मांडली आणि पुढील दोन दशकांत ती सर्वमान्य झाली.

पुरावा साधा पण भक्कम आहे. तंतुकणिकेतील डीएनए जिवाणूंप्रमाणे बहुधा वर्तुळाकार असतो. तिचे रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी जुळतात. पेशी तिला नव्याने घडवू शकत नाही. असलेल्या तंतुकणिकेचीच वाढ होऊन दोन होतात. डीएनएमधील अक्षरांची तुलना केली असता तंतुकणिकेचे गोत्र जिवाणूंच्या एका विशिष्ट गटाशी, तर हरितलवकाचे गोत्र नीलहरित जिवाणूंशी जुळते. ज्या यजमानाने हे बिऱ्हाडकरू घरात घेतले, तो आर्किया नावाच्या निराळ्याच सूक्ष्मजीवकुळातील होता, असे २०१५ नंतरच्या शोधांवरून दिसते. कोट्यवधी पिढ्यांच्या सहवासात बिऱ्हाडकरूंनी आपले बहुतेक दप्तर यजमानाच्या केंद्रकात जमा केले. मानवी तंतुकणिकेत आता अवघी ३७ जनुके शिल्लक आहेत. ती आता बाहेर जगू शकत नाही, आणि तिच्यावाचून घरही चालू शकत नाही.

ही घटना किती जुनी आहे, याची कल्पना भारतातील खडकच देतात. चित्रकूट परिसरातील सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तांबड्या शैवालाशी साम्य असलेले जीवाश्म मिळाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हे साम्य खरे मानले, तर त्याही आधी तंतुकणिका आणि लवक ही दोन्ही बिऱ्हाडे थाटली गेली असली पाहिजेत.

घरात घर

तळ्याच्या थेंबातील युग्लीनाकडे पुन्हा पाहिले, तर ही कथा आणखी एक वळण घेते. त्याच्या हरितलवकाभोवती दोन नव्हे, तर तीन पडदे असतात. याचा उलगडा असा की, युग्लीनाच्या पूर्वजाने नीलहरित जिवाणू गिळला नाही. जिवाणूला आधीच घरात घेतलेले अख्खे हिरवे शैवाल त्याने गिळले. म्हणजे बिऱ्हाडकरूसह संपूर्ण घरच दुसऱ्या घरात आले. डायाटमांच्या लवकाचा उगम अशाच रीतीने तांबड्या शैवालापासून झाला असून त्याभोवती चार पडदे आहेत. पडदे मोजले की पूर्वेतिहास वाचता येतो.

हे सारे ऐकून, या प्राचीन वंशावळीचा माणसाला उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात दडलेले होते.

हिवतापाच्या परजीवीतील खूण

हिवताप हा जिवाणूंचा रोग नव्हे. प्लास्मोडियम नावाच्या प्रजीवाचा आहे. १८८० साली फ्रेंच लष्करी वैद्य लाव्हेराँ यांनी अल्जीरियात तो प्रथम रोग्याच्या रक्तात पाहिला. या रोगाच्या इतिहासात बेंगळुरूचेही एक स्थान आहे. १८८३ साली रोनाल्ड रॉस हे तेथील लष्करी छावणीत वैद्य असताना, निवासस्थानाजवळ साठलेल्या पाण्यात डासांची वीण होते व ते पाणी ओतून दिल्यास डास कमी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १८९५ साली पटकीच्या बंदोबस्तासाठी त्यांची पुन्हा बेंगळुरूस नेमणूक झाली. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तीत त्यांना हिवतापाचा परजीवी सापडला, आणि रोग पसरतो कसा, हे कोडे सुटले.

परंतु परजीवीच्या पेशीत काय आहे, हे कळावयास आणखी शंभर वर्षे जावी लागली. १९९६-९७ च्या सुमारास निश्चित झाले की, प्लास्मोडियमच्या पेशीत एक लहानसे, चार पडद्यांचे अंगक आहे आणि त्यात सुमारे ३५ हजार अक्षरांचा वर्तुळाकार डीएनए आहे. हे अंगक म्हणजे लवक होते! माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत, उन्हाचा किरणही पोहोचत नाही अशा ठिकाणी राहणाऱ्या या परजीवीचा पूर्वज एकेकाळी उन्हावर अन्न करून जगत होता. हिरवा रंग गेला, प्रकाशाशी असलेले नाते तुटले. पण तांबड्या शैवालापासून आलेली ती खोली तशीच राहिली. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांतून याच कुळातील, परंतु अद्यापही उन्हावर अन्न बनविणारा एक प्रजीव वर्णिला गेला, तेव्हा या तर्काला जिवंत साक्षीदार मिळाला.

वैद्यकाच्या दृष्टीने या शोधाचे मोल मोठे होते. प्रजीव आणि मनुष्य दोघांच्याही पेशी दृश्यकेंद्रकी असल्यामुळे एकाला मारणारे विष बहुधा दुसऱ्यालाही बाधते. परंतु लवक मनुष्याच्या पेशीत नाही. त्यातील यंत्रणा जिवाणूच्या घडणीची असल्यामुळे जिवाणूंवरील औषधे तेथे लागू पडू शकतात. डॉक्सिसायक्लिन हे औषध हिवतापावर चालते, याचे रहस्य हेच होय. ते लवकातील रायबोसोम बंद पाडते. परजीवीची चालू पिढी तगते, पण धड लवक न मिळालेली पुढची पिढी मरते.

बेंगळुरूची प्रयोगशाळा

बनशंकरीहून शहराच्या दुसऱ्या टोकास, उत्तरेकडे जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. तेथील नमिता सुरोलिया आणि भारतीय विज्ञान संस्थेतील अवधेश सुरोलिया यांनी २००१ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मेदाम्ले तयार करण्याचे काम मनुष्याच्या पेशीत अनेक क्रिया करणारे एकच मोठे विकर करते. प्लास्मोडियममध्ये मात्र जिवाणूंप्रमाणे निरनिराळी विकरे ते काम लवकात बसून करतात. त्या काळी साबण व टूथपेस्ट यांत सर्रास वापरले जाणारे ट्रायक्लोसान हे जंतुनाशक यांपैकी एका विकराला निकामी करते. परीक्षानळीतील परजीवींची वाढ या द्रव्याने थांबली आणि हिवताप झालेल्या उंदरांचेही रक्षण झाले. नव्या औषधाचा मार्ग सापडला, अशी आशा जगभर निर्माण झाली.

येथे विज्ञानाची खरी रीत दिसून येते. २००८ साली अन्य देशांतील संशोधकांनी या विकराचे जनुकच परजीवीतून काढून टाकले. तरीही परजीवी रक्तात सुखाने वाढला; तो अडला यकृतात, आपल्या वाढीच्या अखेरच्या टप्प्यावर. म्हणजे विकर महत्त्वाचे होते, पण रक्तातील अवस्थेत नव्हे. रक्तातील परजीवींवर ट्रायक्लोसानचा जो परिणाम दिसला, तो अन्य मार्गाने होत असला पाहिजे. मग रक्तात असताना परजीवी हे लवक कशासाठी बाळगतो? २०११ साली कॅलिफोर्नियातील एलेन ये आणि जोसेफ डिरिसी यांनी औषधाने लवक नष्ट केले आणि आयसोप्रेनॉइड वर्गातील द्रव्यांचा एक मूलघटक बाहेरून पुरविला. परजीवी लवकावाचून जगला. रक्तातील अवस्थेत या जुन्या बिऱ्हाडकरूचे भाडे ते काय एवढेच: तो एक मूलघटक. तोच अडविला, की घर कोसळते. आता औषधांचा शोध या दिशेनेही चालू आहे.

हा शोध केवळ जिज्ञासेचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, आणि त्यांत आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालकांचा भरणा सर्वांत मोठा होता. जुन्या औषधांना परजीवी दाद देईनासा झाला आहे. अशा वेळी त्याच्या पेशीतील प्रत्येक खोलीची झडती घेणे अगत्याचे ठरते.

शाळेतील विद्यार्थ्याला याचा आरंभ तळ्याच्या एका थेंबापासून करता येईल. युग्लीनाचा हिरवा ठिपका आणि हिवतापाच्या परजीवीतील रंगहीन ठिपका ही एकाच जातीच्या घटनेची दोन रूपे आहेत. आणि तो थेंब न्याहाळणाऱ्या डोळ्याच्या पेशीतही तंतुकणिका आपले काम करीत असते. कोणे एके काळी बाहेरून आलेली, आता घरचीच झालेली.