पार्टी लोनची की फुल पेमेंटची?

पुण्यात किंवा ठाण्यात रिसेलचा फ्लॅट बघायला गेलं की एजंट आधी बजेट विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, 'लोन करणार की फुल पेमेंट?' पैसे कुठून आणायचे हा आपला घरचा मामला, असं खरेदीदाराला वाटतं. पण त्या एका उत्तरावर भाव हलतो.

व्याजाचा हिशोब सगळेच मांडतात. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, २० वर्षांची मुदत. हप्ता साधारण ४३,४०० रुपये आणि एकूण परतफेड १ कोटी ४ लाखांच्या घरात. मात्र कर्जदाराला घर केवळ व्याजापायी महाग पडत नाही. घासाघीस सुरू होण्याआधीच त्याची बाजू पडती असते, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने बघा. एकरकमी चेक देणारं गिऱ्हाईक टोकन देतं, आपल्या वकिलाला कागद दाखवतं आणि रजिस्ट्रेशनची तारीख घेतं. लोनच्या गिऱ्हाइकामागे बँक येते. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, पहिल्या मालकापासूनच्या करारांची साखळी मागतो. मधल्या एखाद्या मालकाचा मूळ करार गहाळ निघाला की पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग हरकतींची मुदत संपेपर्यंत थांबणं. सोसायटीची एनओसी बँकेच्याच नमुन्यात हवी. सेक्रेटरी गावाला गेले असतील तर ते परतेपर्यंत फाइल पडून. व्हॅल्युअरने ठरलेल्या भावापेक्षा कमी किंमत लावली तर बँक त्या कमी रकमेवरच कर्ज देते आणि फरक खरेदीदाराने उभा करायचा. विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज बाकी असेल तर दोन बँकांचा मेळ घालण्यात आणखी दिवस जातात. एवढं होऊन व्यवहार फिसकटू शकतोच. म्हणून फुल पेमेंटवाल्याला लाख-दोन लाख सोडायला मालक तयार असतो.

अमेरिकेत याचं मोजमाप झालं आहे. मायकेल रेहर आणि रोसेन वाल्कानोव्ह या अर्थतज्ज्ञांनी १९८० ते २०१७ या काळातल्या घरखरेद्या तपासल्या. कर्जाने घेणारे एकरकमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त मोजत होते. विलंब आणि व्यवहार मोडण्याची जोखीम धरून त्यांच्या गणिती प्रारूपात हा फरक ३ टक्क्यांच्या आसपास निघतो. म्हणजे जोखमीच्या मानाने कितीतरी जास्त भुर्दंड कर्जदारावर बसतो.

आपल्याकडे त्यात दोन नंबरच्या पैशाची भर पडते. समजा पुण्यातल्या फ्लॅटचा सौदा ८० लाखांना ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे इथे ६४ लाख. उरलेले १६ लाख, ७ टक्क्यांप्रमाणे ५ लाख ६० हजारांची स्टॅम्प ड्युटी आणि ३० हजार नोंदणी फी मिळून जवळपास २२ लाख खिशातून. आता मालक म्हणाला, '६० चेकने, २० कॅश.' करार ६० लाखांचा, म्हणून कर्ज ४८ लाखांचंच. ड्युटीत १ लाख ४० हजार वाचतात खरे, पण खिशातून काढायची रक्कम साडेछत्तीस लाखांवर जाते. वर हा प्रकार बेकायदा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय पुढे घर विकताना खरेदीची किंमत ६० लाखच धरली जाते आणि त्या २० लाखांवरचा भांडवली नफ्याचा कर या खरेदीदाराच्या माथी येतो. आजच्या साडेबारा टक्के दराने अडीच लाख. रेडी रेकनरपेक्षा कमी किमतीचा करार केला तरी ड्युटी रेकनरच्या दरानेच भरावी लागते. त्यामुळे रेकनर आणि बाजारभाव यांत जिथे मोठी तफावत, तिथे ही मागणी हमखास होते. पगारदार माणूस इतकी रोकड आणणार कुठून? तो मागे सरतो आणि घर दुसऱ्याला जातं.

मला सर्वांत टोचते ती स्वस्त घरांची गोष्ट. मुंबईतली पागडीची खोली, गुंठेवारीतलं बांधकाम, भोगवटा प्रमाणपत्र नसलेली इमारत: इथे बँका सहसा कर्ज देत नाहीत. गिऱ्हाईक फक्त रोख रकमेचं, म्हणून भाव कमी. ज्या घरकामगाराला, रिक्षाचालकाला ती किंमत परवडली असती, त्याच्याकडे एकरकमी पैसे नसतात. ज्याच्याकडे असतात तो घर घेतो आणि भाड्याने देतो, बहुधा त्याच रिक्षाचालकाला.

व्याजदर हलला की कर्जदाराची ऐपतही हलते. वर सांगितलेल्या हप्त्यातच साडेनऊ टक्क्यांनी साडेशेहेचाळीस लाखांचं कर्ज बसतं, साडेसात टक्क्यांनी जवळजवळ ५४ लाखांचं. मे २०२२मध्ये ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहावर गेला, तेव्हा लोनवाले अडखळले आणि फुल पेमेंटवाल्यांचा हात वर राहिला.

कर्जाने घेणाऱ्यांनी टोकन देण्याआधी बँकेचं सँक्शन लेटर हातात ठेवावं, करारांची साखळी बघून घ्यावी आणि कर्ज नाकारलं गेल्यास टोकन परत मिळेल, हे लिहून घ्यावं. इतक्यानेही मालकाची निम्मी धास्ती जाते. पण भाव नेमका किती जास्त लागतोय, हे त्यांना कळायला हवं आणि ते सरकारने सांगितलं पाहिजे. ब्रिटनच्या अधिकृत घरकिंमत निर्देशांकात रोखीने आणि कर्जाने घेणाऱ्यांच्या सरासरी किमती वेगवेगळ्या छापल्या जातात. आपल्या नोंदणी विभागाकडे खरेदीखताची सूची क्रमांक २ असते. कागदपत्रं बँकेत ठेवून कर्ज काढलं की ३० दिवसांत त्याची नोटीस ऑफ इंटिमेशनही त्याच विभागाकडे दाखल होते. या दोन नोंदी जुळवून जिल्हावार तक्ता दर तिमाहीला प्रसिद्ध करायला नवा कायदा लागणार नाही.