आपला मराठवाडा भारतात कसा आला

१५ ऑगस्टला सगळ्या देशात झेंडा लागतो. त्या दिवशी, १९४७ साली, देश स्वतंत्र झाला. पण आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही झेंडा लागतो. हा दुसरा झेंडा कशाचा? पुण्याला, नागपूरला स्वातंत्र्य आले, तेव्हा ते बीडला, नांदेडला, औरंगाबादला का आले नाही? हे समजायचे तर आधी आपला मुलूख समजून घेतला पाहिजे. चला, तिथूनच सुरुवात करू.

काळी जमीन, थोडा पाऊस

आपल्या शेतातली काळी माती कोठून आली? फार फार जुनी गोष्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास या भागात जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून तापलेला पातळ दगड वर आला आणि दूरवर पसरला. तो थंड झाला. त्याचाच आपला काळा पाषाण झाला. उन्हापावसाने तो झिजला, आणि त्याची काळी माती झाली. वेरूळचे कैलास लेणे याच पाषाणात वरून खाली कोरत आणलेले आहे.

काळी माती ओल धरून ठेवते. म्हणून ज्वारी आणि कापूस आपल्याकडे चांगले येतात. पण खालचा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही. म्हणून विहीर खोल न्यावी लागते, आणि तरी उन्हाळ्यात ती तळ दाखवते.

पाऊसही बेताचाच. पावसाचे ढग पश्चिमेच्या समुद्रावरून येतात. वाटेत सह्याद्री त्यांना अडवतो. बरेचसे पाणी कोकणातच पडून जाते. औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, वर्षाला सरासरी २८ इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तोही कधी पडतो, कधी दडी मारतो.

अशा मुलखात गोदावरीचा मोठा आधार. ती नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावते. पैठण, गंगाखेड, नांदेड अशी गावे घेत पुढे तेलंगणात जाते. १,४६५ किलोमीटर वाहून ती पूर्वेच्या समुद्राला मिळते. आपण तिला नुसते गंगाच म्हणतो. पूर्णा, दुधना, सिंदफणा, मांजरा या नद्यांचे पाणी शेवटी तिलाच मिळते.

गोदाकाठची वस्ती

जिथे पाणी, तिथे माणूस. पैठणजवळ आपेगाव आहे. तिथे जाणत्या लोकांनी जमीन खोदून पाहिली. तेव्हा तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक. तेही आपल्यासारखीच शेती करीत होते, मडकी घडवीत होते.

पुढे दोन हजार वर्षांपूर्वी पैठण ही सातवाहन राजांची राजधानी झाली. तेव्हा तिचे नाव प्रतिष्ठान. धाराशिव जिल्ह्यातले तेर हेही मोठे व्यापाराचे गाव होते. पैठणचे रंगीत खडे आणि तेरचे कापड गाड्यांवर लादून गुजरातेत भडोच बंदरावर जाई. तिथून जहाजाने परदेशी जाई. एका ग्रीक व्यापाऱ्याने त्या काळी हे लिहून ठेवले आहे.

याच मातीत आपली भाषा वाढली. ज्ञानेश्वरांचे कुळ आपेगावचे. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, एकनाथ पैठणचे. मोठमोठे विचार त्यांनी साध्या माणसाच्या मराठीत सांगितले. त्यामुळे दूरदूरच्या गावांतल्या माणसांना वाटू लागले, की आपली बोली एक, आपण एक.

राजे बदलले, रयत तीच

राजे मात्र बदलत गेले. देवगिरीवर यादव होते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथे आणली आणि गावाला दौलताबाद म्हटले. पुढे बहामनी आले, निजामशाही आली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा आफ्रिकेतला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. त्याने १६१० साली खडकी गाव वसवले आणि जमिनीखालून नहरी काढून तिथे पाणी आणले. तेच पुढे औरंगाबाद झाले. मग मोगल आले. १७२४ पासून निजामाच्या घराण्याची सत्ता बसली. ती सव्वादोनशे वर्षे टिकली.

इतके राजे झाले, पण एक गोष्ट बदलली नाही. राज्य कोणाचे, हे रयतेला कोणी विचारले नाही. रयतेने नांगर धरायचा आणि सारा भरायचा. पोट भरले तर नशीब.

एक राज्य, तीन भाषा

इंग्रज देशावर राज्य करीत होते, तेव्हाही हैदराबादला निजाम होता. इंग्रजांची वरची सत्ता तो मानी, आणि आत आपला कारभार करी. त्याच्या राज्यात १६ जिल्हे होते. ८ तेलुगू, ५ मराठी आणि ३ कानडी. ते पाच मराठी जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. तोच आपला मराठवाडा. जालना, लातूर आणि हिंगोली हे जिल्हे पुढे यांतूनच झाले.

कचेरीची भाषा उर्दू होती. उर्दू गोड भाषा आहे, आपल्यातल्या कितीतरी घरांत ती बोलली जाते. पण मराठी शेतकऱ्याला ती वाचता येत नसे. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागे. सांगणारा सांगेल ते खरे! किती गावे खुद्द निजामाच्या खासगी मालकीची, किती गावे जहागिरदारांची. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे.

मग लोक जागे होऊ लागले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली. ती नीट उभी राहण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. तरी लोकांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. त्याच साली औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला. त्यांना शाळा-कॉलेज सोडावे लागले. बरेच जण शिकायला नागपूरकडे गेले.

या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. ते आधी शिक्षक होते. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून त्यांनी मुले घडवली. गोविंदभाई श्रॉफ आणि इतर कितीतरी कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते.

तेरा महिने

१९४७ साली इंग्रज निघाले. तेव्हा देशात साडेपाचशेच्या वर संस्थाने होती. बहुतेक भारतात सामील झाली. निजाम म्हणाला, “मी स्वतंत्र राहणार.” आता नकाशा पाहा. हैदराबादच्या चारी बाजूंना भारत. समुद्र नाही, बंदर नाही. आणि लोकांना तर भारतात यायचे होते. १५ ऑगस्टला देशभर आनंद चालला होता, त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली.

कासीम रझवी नावाचा लातूरचा वकील होता. त्याने रझाकार नावाची सशस्त्र संघटना वाढवली. रझाकारांनी गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली. माणसे घरदार सोडून हद्दीबाहेर गेली. हद्दीवर कार्यकर्त्यांनी तळ टाकले आणि तिथून लढा दिला. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायाही त्यात होत्या.

हा हिंदू आणि मुसलमान यांचा लढा होता काय? नाही. शोएबउल्ला खान नावाचा तरुण पत्रकार हैदराबादेत होता. हैदराबादने भारतात यावे, असे त्याने उघड लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला ठार मारले गेले. तो मुसलमानच होता. लढा होता एका माणसाच्या सत्तेचा आणि लोकांच्या राज्याचा.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताची फौज आत शिरली. सरदार पटेल तेव्हा गृहमंत्री होते. सोलापूरकडून मोठी फौज निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गपाशी पोचली. दुसरी फौज औरंगाबादकडे आली. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. जुनी माणसे याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. देशाच्या स्वातंत्र्यानंतर एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवसांनी आपण मोकळे झालो.

याच गोष्टीचा एक दुःखाचा भागही आहे. तो झाकून ठेवू नये. रझाकारांचा सूड म्हणून त्यानंतर कितीतरी गावांत निरपराध मुसलमान मारले गेले, लुटले गेले. ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती, असेही त्यांत होते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने गावोगाव फिरून सरकारला अहवाल दिला. तो कितीतरी वर्षे बाहेर आला नाही. गुन्हा एकाचा आणि शिक्षा त्याच्या शेजाऱ्याला, याला न्याय म्हणत नाहीत.

रयतेचे नागरिक झाले

मग काय बदलले? १९४९ साली जहागिरी गेल्या. १९५० साली कुळांसाठी कायदा आला. २६ जानेवारी १९५० रोजी भारताची घटना लागू झाली, ती आपल्यालाही लागू झाली. १९५२ च्या सुमारास पहिली मोठी निवडणूक झाली. २१ वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला मत मिळाले. बाईला मिळाले, गड्याला मिळाले. मालकाला एक मत, सालदारालाही एकच. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली होती, आणि पेटीवर चित्र होते. राज्य कोणी करावे, हे त्या दिवशी रयतेला पहिल्यांदा विचारले गेले. तिथे रयत संपली आणि नागरिक सुरू झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेप्रमाणे हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात गेला, कानडी भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले. आज त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण पुरे झाले, आणि गोदावरीचे पाणी कालव्यांनी शेतांकडे निघाले.

सगळे मिळाले असे नाही. आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. पण आता पाणी मागायला दरबारात हात जोडून उभे राहावे लागत नाही. ग्रामसभेत उभे राहून विचारता येते. कागद मराठीत असतो, आणि तो आता तुम्हाला वाचता येतो.

करून पाहा

तुमच्या गावात नव्वदीच्या आसपासचे कोणी आजोबा, आजी असतील. १९४८ साली ते लहान होते. त्यांना विचारा : रझाकारांच्या वेळी आपल्या गावात काय झाले? कोण गाव सोडून गेले? कोणी कोणाला घरात लपवून वाचवले? ते सांगतील ते आपल्या वहीत लिहा. गावाचे नाव घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला, तारीख घाला. आणि १७ सप्टेंबरला झेंडा लागला, की ते सगळ्यांना वाचून दाखवा.